स्किन विकली, हातातून गेली, पैसे मात्र 'प्रलंबित'. ट्रेड उलटवू का?

रात्रपाळीचा_गडी

मंडळी, डोकं भंजाळलंय म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय नीट उत्तर मिळत नाही हे इथे पाहून पाहून कळलंय. "सर्च कर, सापडेल" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार. सर्च केलं, अर्धे लेख दोन वर्षांपूर्वीचे निघाले.

काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा गेम मी भरपूर खेळलोय, पण सध्या वेळ मिळत नाही. नवीन ग्राफिक्स कार्डासाठी पैसे जमवायचे आहेत, म्हणून इन्व्हेंटरीतल्या (गेममधल्या माझ्या साठ्यातल्या) दोन बऱ्या वस्तू, म्हणजे स्किन, रंगवलेली हत्यारं, विकायला काढल्या. पहिली एडब्ल्यूपी असिमोव्ह (एडब्ल्यूपी ही बंदूक, असिमोव्ह हे तिच्या स्किनचं नाव), फील्ड-टेस्टेड म्हणजे मध्यम झिजलेली, फ्लोट (झिजेचा आकडा) ०.१८ च्या जरासा वर, त्यावर दोन जुने स्टिकर. दुसरी म्हणजे चाकू. नवाजा, सफारी मेश. हसू नका. केसमधून (गेममधल्या नशिबाच्या पेटीतून) माझ्या हातानं निघालेला तो एकमेव चाकू आहे आणि निघाला तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचलो होतो.

स्टीम, म्हणजे गेम जिथून घेतो ते दुकान, त्याच्या स्वतःच्या मार्केटवर विकलं तर पैसे वॉलेटमध्ये अडकतात, बँकेत येत नाहीत. म्हणून असिमोव्ह एका बाहेरच्या साइटवर लावली. साइटचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची आहे का हेच अजून मला ठरवता येत नाहीये. गिऱ्हाईक पटकन मिळालं. साइटनं सांगितलं त्याप्रमाणे ट्रेड ऑफर पाठवली, मोबाइलवर कन्फर्म केली, समोरच्यानं स्वीकारली. बंदूक गेली. साइटवर माझ्या नावापुढे रक्कम दिसते, पण तिच्याशेजारी 'प्रलंबित' असं करड्या अक्षरात लिहिलंय आणि पैसे काढायचं बटण दाबताच येत नाही. सपोर्टला विचारलं तर तेच साच्यातलं उत्तर: "संरक्षण कालावधी संपल्यावर रक्कम उपलब्ध होईल." कसलं संरक्षण, कोणाचं संरक्षण? वस्तू तर माझी गेली!

आता खरी भानगड. माझ्या स्टीमच्या ट्रेड हिस्टरीत हा व्यवहार अजून उलटवता येईल असा पर्याय दिसतोय. सात दिवस झालेले नाहीत. म्हणजे मी आत्ता बटण दाबलं तर बंदूक परत माझ्याकडे. मोह होतोय. दाबू का?

चाकूचं दुखणं वेगळं. मी तो सगळ्यात कमी किमतीला लावतो, दुसऱ्या दिवशी पाहावं तर खाली चारपाच जण एकेक सेंट कमी करून बसलेले. मी पुन्हा उतरतो, ते पुन्हा उतरतात. आधी आलेख पाहून मनात एक किंमत धरली होती, तिच्या निम्म्यालाही आता कोणी विचारत नाही.

आणि कालच डिस्कॉर्डवर एकानं मेसेज केला. माझी इन्व्हेंटरी पाहिली म्हणे, चाकू हवाय, मी धरलेली पूर्ण किंमत द्यायला तयार. फक्त आधी एका साइटवर लॉगिन करून वस्तू "व्हेरिफाय" करून घे म्हणतो, म्हणजे डुप्लिकेट नाही याची त्याला खात्री होईल. माणूस बोलायला अगदी सभ्य वाटला. प्रोफाइल जुनं, लेव्हलही बऱ्यापैकी.

जाणकारांनी सांगा. आधी ट्रेडचं सांगा, कारण ते बटण मला झोपू देत नाहीये.

---

थेट_हेडशॉट

दाब ना भावा बटण! तुझी बंदूक, तुझा हक्क. पैसे देत नाहीत तर माल परत. साधा हिशोब आहे. आणि नवाजा सफारी मेश पूर्ण किमतीला घेणारा माणूस सापडला असेल तर त्याला संग्रहालयात ठेव.

---

जुना_खेळिया

वरच्या सल्ल्यातलं शेवटचं वाक्य सोनं, पहिलं विष. गडीभाऊ, बटणाला हात लावू नका. का ते सांगतो.

जुलै २०२५ मध्ये व्हॉल्व्हनं (गेम आणि स्टीम दोन्ही याच कंपनीचे) काउंटर-स्ट्राइक २ च्या वस्तूंसाठी ट्रेड प्रोटेक्शन आणलं. ट्रेड झाली की वस्तू लगेच समोरच्याकडे जाते, तो ती घेऊन खेळूही शकतो. पण सात दिवस त्याला ती पुढे विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, तिच्यात बदलही करता येत नाही. या सात दिवसांत ट्रेड उलटवण्याची सोय असते. ही सोय खातं चोरीला गेलेल्यांसाठी आहे. पूर्वी चोर रात्रीत इन्व्हेंटरी साफ करायचा, सकाळपर्यंत माल पाच खात्यांतून फिरून विकलाही गेलेला असायचा, आणि स्टीम सपोर्ट गेलेल्या वस्तू परत देत नाही हे धोरण तर जुनंच आहे. आता निदान आठवडाभर खिडकी उघडी राहते.

पण खिडकी दोन्ही बाजूंनी उघडी आहे. तुम्ही बंदूक दिली, साइटनं त्याच क्षणी पैसे तुमच्या हातात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रेड उलटवली, तर? बंदूक तुमच्याकडे, पैसेही तुमच्याकडे, आणि गिऱ्हाईक साइटच्या नावानं बोंब मारणार. म्हणून कुठलीही शहाणी साइट ही मुदत संपेपर्यंत पैसे धरून ठेवते. 'प्रलंबित' म्हणजे तेवढंच. तुम्ही विचारलंत ना, कोणाचं संरक्षण? या सात दिवसांत गिऱ्हाइकाचं, तुमच्यापासून. वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्या लेखी सगळे विक्रेते सारखेच.

आता बटण दाबलंत तर काय होईल? एक, फक्त ही ट्रेड उलटत नाही. गेल्या सात दिवसांत प्रोटेक्शनखाली असलेल्या तुमच्या सगळ्या ट्रेड उलटतात. मधल्या काळात कोणाशी आणखी काही अदलाबदल केली असेल तर तीही गेली. दोन, तुमच्या खात्यावर ३० दिवस ट्रेडिंग आणि मार्केट बंद. म्हणजे चाकूही महिनाभर पेटीत. तीन, साइटच्या नजरेत तुम्ही विकून माल परत ओढणारे ठरता. पुढे तिथे उभं करतील का, याचा विचार करा. हे सगळं कशासाठी, तर आपोआप मिळणारे पैसे मिळू नयेत म्हणून.

सात दिवस होऊ द्या. त्यानंतर साइटवाले स्वतःचा आणखी थोडा वेळ लावतात, तो धरा. त्याही पुढे रक्कम मोकळी झाली नाही तर मग भांडा, ट्रेड ऑफरचा स्क्रीनशॉट आणि तारखेसकट भांडा. तो स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

चाकूविषयी कडू बोलतो, चालेल ना?

तुम्ही आलेखावर जी किंमत पाहून मनात धरलीत ती बहुतेक ऑक्टोबर २०२५ च्या आधीची आहे. त्याआधी चाकू येण्याचा रस्ता एकच होता, केस. २०१७ मध्ये चीनमधल्या नियमांमुळे तिथल्या प्रकाशकाला केसमधल्या शक्यता जाहीर कराव्या लागल्या, तेव्हा चाकू-ग्लोव्हज गटाचा आकडा ०.२६ टक्के निघाला. साधारण ३८५ केसमागे एक. इतका दुर्मीळ म्हणून सफारी मेशसारखी फिकी जाळीदार नक्षीही चाकूवर आली की भाव खायची. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनं ट्रेड-अप कॉन्ट्रॅक्टमध्ये (काही वस्तू देऊन वरच्या दर्जाची एक घेण्याची गेममधली सोय) पाच लाल, म्हणजे कोव्हर्ट या वरच्या दर्जाच्या, वस्तू देऊन एक चाकू किंवा ग्लोव्हज घेता येऊ लागले. एका रात्रीत उलथापालथ झाली. चाकू कोसळले, कालपर्यंत कोणी न विचारलेल्या लाल बंदुका वर गेल्या. त्यातही ज्यांना कोणी हौसेनं घेत नाही, केवळ "चाकू आहे" म्हणून घेतात, त्यांची हालत सगळ्यात वाईट. तुमचा नवाजा नेमका त्याच रांगेतला. दुर्मिळता हीच ज्याची किंमत होती, त्याची दुर्मिळता गेल्यावर मागे काय उरलं? सफारी मेश.

म्हणून जुन्या किमतीची वाट पाहू नका. आणि रोज एकेक सेंट उतरायचा खेळही बंद करा, समोर बरेचदा सॉफ्टवेअर असतं, त्याला झोप लागत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी पाहा. गेल्या आठवड्यात हा चाकू खरोखर किती वेळा विकला गेला, आणि आत्ता खरेदीची सगळ्यात वरची ऑर्डर कितीची आहे. लावलेली किंमत म्हणजे विक्रेत्यांची इच्छा. झालेले सौदे आणि खरेदीची ऑर्डर म्हणजे बाजार. दोन्हींत मोठं अंतर असेल तर मधे कुठेतरी एक आकडा ठरवा, लावा आणि विसरून जा.

डिस्कॉर्डवाल्याबद्दल माझ्यापेक्षा पिंग_तीनशे ताई जास्त नेमकं सांगतील, त्यांचा तो रोजचा विषय आहे. त्या येईपर्यंत त्याच्या लिंकवर जाऊ नका.

---

रात्रपाळीचा_गडी

काका, बटणापासून हात मागे घेतला. आणि बरं झालं विचारलं, कारण याच आठवड्यात मावसभावाकडून एक एके रायफल घेतली, बदल्यात त्याला दोन केस दिल्यात. तीही उलटली असती तर घरात वेगळंच युद्ध झालं असतं.

पण एक शंका. फ्लोट ०.१८ म्हणजे असिमोव्ह बऱ्यापैकी स्वच्छ ना? मग मला फील्ड-टेस्टेडचाच सरसकट भाव का मिळाला? आणि खेळून खेळून फ्लोट वाढतो का? मी या बंदुकीनं पुष्कळ मारामारी केलीय.

---

जुना_खेळिया

फ्लोट वस्तू तयार होताना ठरतो आणि जन्मभर तोच राहतो. तुम्ही हजार सामने खेळा, ओरखडा वाढत नाही. ०.०७ पर्यंत फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न, पुढे बॅटल-स्कार्ड. पण प्रत्येक स्किनला ही सगळी पट्टी मिळत नाही. असिमोव्हची पट्टी सुरूच ०.१८ पासून होते, फॅक्टरी न्यू असिमोव्ह एडब्ल्यूपीत अस्तित्वातच नाही. त्यामुळे तुमची जवळजवळ सर्वांत स्वच्छ असिमोव्हपैकी होती, आणि तिला हौशी लोक चार पैसे जास्त देतात. मात्र तुम्ही ती झटपट विक्रीला लावली असणार. झटपट घेणारा नावावर घेतो, "फील्ड-टेस्टेड असिमोव्ह, एक नग". ०.१८ असो की ०.३७, त्याला भाव एकच. जास्तीचे हवे असतील तर फ्लोटची चाळणी लावून शोधता येतं अशा ठिकाणी स्वतःची किंमत ठेवून थांबावं लागतं. आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. असा गिऱ्हाईक रोज उगवत नाही.

---

पिंग_तीनशे

काकांनी हाक मारली म्हणून आले.

गडी, तुझा तो सभ्य माणूस चोर आहे. "बहुतेक" वगैरे म्हणत नाही. वस्तू "व्हेरिफाय" करणारी साइट असा काही प्रकारच नसतो. स्टीमच्या वस्तू स्टीमच्या सर्व्हरवर असतात, तुझी इन्व्हेंटरी सार्वजनिक असेल तर त्याला तिथेच चाकू तपासता येतो, फ्लोटसकट. ही लिंक फक्त तुझं लॉगिन घ्यायला आहे. जुन्या प्रोफाइलवर आणि लेव्हलवर जाऊ नकोस. ते खातंही असंच कोणाचं तरी चोरलेलं असतं, म्हणूनच जुनं असतं.

हे कसं चालतं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी बाहेरच्या साइटवर खरंखुरं लॉगिन करतानाही उपयोगी पडेल. लिंक उघडलीस की "स्टीमनं साइन इन करा" असं हिरवं बटण येईल. दाबलंस की छोटी खिडकी उघडेल, वर अॅड्रेस बारमध्ये स्टीमचा खरा पत्ता, कुलपाचं चिन्ह, सगळं जागच्या जागी. फक्त ती खिडकी खिडकीच नसते, ते त्याच पानावर काढलेलं चित्र असतं. ओळखायची खूण सोपी आहे. खिडकी तिच्या वरच्या पट्टीला धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून पाहा. खरी खिडकी बाहेर येते. खोटी पानाच्या कडेला अडकते. अॅड्रेस बारमधला मजकूर सिलेक्ट करायचा प्रयत्न कर, तोही खोट्यात नीट होत नाही. आणि आधीच ब्राउझरमध्ये स्टीमला लॉगिन असताना एखादी साइट पुन्हा पासवर्ड मागत असेल तर तिथेच थांब. खऱ्या साइन-इनमध्ये तुझं नाव आधीच दिसतं, फक्त होकार द्यायचा असतो.

आता त्याहून वाईट भाग. पासवर्ड आणि कोड दिलास म्हणून लगेच काही होईलच असं नाही. म्हणून लोक गाफील राहतात. चोर तुझ्या खात्यावर एक वेब एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रामला खात्यात डोकावू देणारी किल्ली) काढून ठेवतो आणि गप्प बसतो. पुढे तू एखाद्या चांगल्या साइटवर काही विकायला जातोस, ट्रेड ऑफर तयार होते. त्या कीमुळे चोराच्या प्रोग्रामला ती दिसते. तो खरी ऑफर रद्द करतो आणि त्याच क्षणी तशीच दुसरी उभी करतो, तेच नाव, तोच फोटो, वस्तूही तीच, फक्त खातं त्याचं. तू मोबाइलवर सवयीनं कन्फर्म करतोस. साइट म्हणते माल आला नाही, तू म्हणतोस दिला, आणि दोघंही खरं बोलत असता. यात विक्रेत्यांची साइटशी भांडणं होतात ती मी इतकी पाहिलीत की कोणी "साइटनं मला लुटलं" म्हणालं की पहिला प्रश्न माझा हाच असतो: "एपीआय की तपासलीस का?"

तर आजच हे कर. स्टीमच्या वेब एपीआय कीच्या पानावर जा. तिथे एखादी की दिसली आणि ती तू स्वतः काढलेली नसेल, तर रद्द कर. मग पासवर्ड बदल, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट कर. पासवर्ड रिसेट केल्यानंतर मार्केट काही दिवस बंद राहतं, त्यामुळे चाकू लगेच विकता आला नाही तर घाबरू नकोस, ती नेहमीची पद्धत आहे. ट्रेड कन्फर्म करताना मोबाइलवर समोरच्या खात्याची लेव्हल आणि ते कधी तयार झालं ते दिसतं. साइटनं सांगितलेल्या माहितीशी ते जुळवूनच हो म्हण. नाव आणि फोटोला शून्य किंमत दे, दोन्ही कोणीही दोन सेकंदांत बदलतं.

एक राहिलं. हा माणूस चिडला की बहुधा दुसरा मेसेज येईल: "माझ्याकडून चुकून तुझं खातं रिपोर्ट झालं, या स्टीम अधिकाऱ्याशी बोल." तो अधिकारी त्याचाच भिडू. स्टीमची माणसं डिस्कॉर्डवर येऊन कोणाशी बोलत नाहीत, कधीच.

---

फुकट_फौजदार

सगळा धागा वाचला. मला एक कळत नाही. चित्रातली बंदूक, चित्रातला चाकू, आणि त्यावर एवढा जीव? स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिलंय की मजकूर आणि सेवा परवान्यावर दिल्या आहेत, विकलेल्या नाहीत. म्हणजे जे तुमचं नाहीच ते तुम्ही विकताय, आणि पैसे उशिरा आले म्हणून रडताय. कंपनीनं उद्या नियम बदलला की तुमची "संपत्ती" हवेत.

---

जुना_खेळिया

फौजदारसाहेब, कराराबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे, आणि नियम बदलतात हेही मी तुमच्याहून जास्त वेळा पाहिलंय. व्हॉल्व्हच्याच टीम फोर्ट्रेस २ या गेममध्ये पात्राला घालायचे इअरबड्स होते, २०१० च्या जूनमध्ये मॅकवर खेळणाऱ्यांना फुकट वाटलेले. एके काळी महागड्या टोप्यांचे भाव लोक बड्समध्ये सांगायचे, चलनच होतं ते. आज सांगून बघा. काउंटर-स्ट्राइकच्या केसच्या चाव्यांचंही तेच. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉल्व्हनं जाहीर केलं की नव्यानं घेतलेली चावी ना ट्रेड होणार ना विकली जाणार, कारण व्यापारात फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या चाव्या फसवणुकीच्या पैशातून येतात असं त्यांचं मत झालं होतं. आणि डायब्लो ३ या दुसऱ्या कंपनीच्या गेममध्ये तर त्या कंपनीनंच खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं, २०१२ च्या जूनमध्ये. १८ मार्च २०१४ ला स्वतःच बंद केलं. राक्षस मारून तलवार मिळवायची, हा खेळाचा गाभा, आणि लोक राक्षस सोडून लिलावघरात बसायला लागले होते.

पण त्यामुळे या मुलाचे पैसे आज अडकलेत हे खोटं ठरतं का? परवान्यावरची वस्तू असो नाहीतर आणखी काही, घेणारा खरा पैसा देतोय, देणारा खरा पैसा मागतोय, आणि मधे उभे असलेले सगळे आपापला वाटा काढतायत. वाट्यावरून आठवलं. गडीभाऊ, स्टीमच्या मार्केटचं गणित तुम्ही पाहिलंत का? तिथे ५ टक्के स्टीमचे आणि काउंटर-स्ट्राइकसाठी १० टक्के गेमचे. हे तुमच्या रकमेवर चढतात. म्हणजे गिऱ्हाईक ११.५० डॉलर देतं तेव्हा तुमच्या वॉलेटमध्ये १० येतात. अगदी स्वस्त वस्तूला तर हसायला येतं. दोन्ही शुल्कं किमान एकेक सेंट, म्हणून ३ सेंटला विकलेल्या स्टिकरमधला १ सेंट तुमचा. रोब्लॉक्स या गेमवर लिमिटेड वस्तू पुन्हा विकली तर ३० टक्के कापतात, त्या मानानं हे बरं म्हणायचं. बाहेरच्या साइटवर रोख भाव स्टीमपेक्षा कमी दिसतो तो याचमुळे. वॉलेटमधला डॉलर बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे तो रोख डॉलरइतका मोलाचा नसतो. तुम्ही स्टीमच्या आलेखावरची किंमत आणि बाहेर मिळालेली रक्कम समोरासमोर ठेवून "कमी मिळाले" म्हणत असाल तर तुलनाच चुकतेय.

तुम्हाला पुढे गेमच घ्यायचे असते तर चाकू स्टीमवरच विका म्हटलं असतं. ग्राफिक्स कार्ड वॉलेटमधून येत नाही.

---

थेट_हेडशॉट

माझा सल्ला मागे घेतो. उलटवल्यावर ३० दिवस बंद हे डोक्यातच नव्हतं. संग्रहालयाचं मात्र कायम ठेवतो.

---

रात्रपाळीचा_गडी

सगळ्यांचं उत्तर एकत्र देतो.

पिंगताई, तुम्ही म्हणालात तसं एपीआय कीचं पान पाहिलं, रिकामं होतं. त्या माणसाची लिंक मी उघडली नव्हती, पण तुमचं वाचून कुतूहल आवरेना. माझं काहीच लॉगिन नसलेल्या वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडली आणि ती साइन-इनची खिडकी ओढून पाहिली. कडेला गेली आणि तिथेच थांबली. स्क्रोल केलं तर पानाबरोबर वर सरकायला लागली. इतकी हुबेहूब होती की मी तरी टाइप केलं असतं. पुढे एक अक्षर न लिहिता बंद केली. त्याला फक्त एवढंच लिहिलं की स्टीममधूनच ट्रेड ऑफर पाठव, मी बघतो. त्यावर आधी "तुला विश्वास नाही का" आणि मग, ताई, खरंच, "चुकून तुझं खातं रिपोर्ट झालं". ब्लॉक केला.

काका, मुदत संपली आणि त्यानंतर लवकरच करडी अक्षरं गेली, रक्कम काढताही आली. साइटचं शुल्क वजा जाता जे राहिलं ते माझ्या अंदाजापेक्षा कमीच आहे, पण तुमचं गणित वाचल्यावर निदान कुठे किती गेलं ते मांडता आलं. सपोर्टनं पहिल्याच उत्तरात "विक्रेता ट्रेड उलटवू शकतो म्हणून थांबतो" एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर मी इथे आलोच नसतो, हे मात्र म्हणणारच.

चाकू खरेदीच्या वरच्या ऑर्डरपेक्षा थोडा वर लावून ठेवलाय. अजून गेलेला नाही. मावसभाऊ म्हणतो मला दे, मी ठेवतो. फुकट मागतोय.

शेवटचा प्रश्न. त्याच्याकडून आलेल्या एकेवर चार स्टिकर आहेत, त्यातला एक थोडा खरवडलेला. तो पूर्ण खरवडून काढून टाकला तर बंदूक स्वच्छ दिसेल आणि भाव वाढेल का? की स्टिकर काढून वेगळा विकता येतो?

---

जुना_खेळिया

वेगळा विकता येत नाही. एकदा चिकटवलेला स्टिकर निघतो तो खरवडूनच, आणि पूर्ण खरवडला की नष्ट होतो. तो कोणता आहे ते आधी बघा. जुन्या स्पर्धेचा, त्यातून होलो किंवा फॉइल (चमकणारा प्रकार) असेल, तर अर्धा खरवडलेलाही कोणाला तरी हवा असतो. अगदी किरकोळ असेल तर काढला काय आणि ठेवला काय, भावात फरक पडत नाही, आणि चारांतला एक गेल्यानं उरलेल्या तिघांत पडलेली फट काही जणांना खटकते. एकेचा फ्लोट आणि चारही स्टिकरची नावं इथे लिहा, मग सांगतो. आणि मावसभावाला चाकू द्यायचाच असेल तर बदल्यात काहीतरी घ्या, त्या दोन केस तरी परत.